जांभळ्या टोपणाचे दोन बल्ब

मी नर्स नाही. नगरच्या एका धर्मादाय दवाखान्यात मी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते. रक्त काढायचं, तपासायचं, निकाल लिहायचा, एवढं माझं काम. पण पांढरा कोट घातलेली बाई म्हणजे सिस्टर, असा आमच्या जिल्ह्यात नियम आहे. सुरुवातीला मी प्रत्येकाला दुरुस्त करायचे. एकदा एका म्हाताऱ्यानं माझं सगळं स्पष्टीकरण शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरं, मंग सिस्टर, रगात कवा काढताय?" त्या दिवसापासून मी तो नाद सोडला.

या अंकासाठी एड्सच्या पेशंटांबद्दल लिहा असं संपादकांनी कळवलं आणि वर 'थोडं हृद्य असू द्या' असंही सुचवलं. हृद्य मला जमत नाही. नव्वदच्या दशकात आमच्या दवाखान्यातून जी माणसं गेली त्यांच्याबद्दल लिहायला बसले तर हा अंक पुरायचा नाही, आणि ते वाचून कुणाचा फायदाही नाही. मी लिहिते आहे ती न गेलेल्यांबद्दल. त्यांच्यातल्या दोघांपायी माझं नाव पुण्यात खराब झालं होतं आणि नंतर दुरुस्त झालं. त्यातलं दुसरं अधिक महत्त्वाचं, म्हणून लिहिते.

आधी काम समजावून सांगते. एचआयव्ही हा विषाणू रक्तात शिरला की शरीराच्या राखणदार पेशी हळूहळू संपवतो. त्या पेशी मोजता येतात, आणि आकडा उतरत चालला की माणूस उतरणीला लागला असं समजायचं. औषधं निघाली होती, पण ती आमच्या पेशंटांच्या ऐपतीत नव्हती. बहुतेकांची तब्येत काही वर्षांतच ढासळायची. पण आमच्या यादीत थोडी माणसं अशी होती की वर्षामागून वर्षं जात होती, एक गोळी पोटात नव्हती आणि ती ठणठणीत होती. शेतात जात होती, कारखान्यात पाळ्या करत होती, आमच्याशी भांडत होती.

पुण्याच्या एका मोठ्या प्रयोगशाळेला याच माणसांचं रक्त हवं होतं. त्यांचा प्रश्न साधा होता: इथं माणूस चिवट आहे की विषाणू मरतुकडा? हे कळायला विषाणू वाचावा लागतो. त्याच्या पोटात त्याच्या बांधणीची कृती असते, चारच अक्षरांत लिहिलेली, पण हजारो अक्षरांची एक सलग ओळ. ती अक्षरं क्रमानं वाचून काढायची. याला सिक्वेन्सिंग म्हणतात. तेव्हा ते फार संथ काम होतं. एक तुकडा वाचायला दिवसच्या दिवस जायचे, आणि आमच्या या सावकाश पेशंटांच्या रक्तात विषाणू इतका कमी असायचा की पुष्कळदा वाचायला काही हातीच लागायचं नाही. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढे लागणार आहे. हा विषाणू स्वतःच्या नकला काढताना सारखा चुकतो. त्यामुळे कोणत्याही दोन माणसांमधला विषाणू कधी अगदी सारखा नसतो.

रक्त काढलं की त्याच दिवशी पुण्याला पोचवावं लागे. दवाखान्याची गाडी पेशंटांसाठी होती, रक्तासाठी नव्हती. लस न्यायचा निळा डबा असतो, त्यात बर्फाच्या पिशव्यांमध्ये रक्ताच्या नळ्या ठेवून मी तो डबा मांडीवर घेऊन एसटीनं जायचे. या नळ्यांना आमच्या धंद्यात बल्ब म्हणतात. रक्त गोठू नये असं औषध आत असलेल्या बल्बला जांभळं टोपण असतं. पहिल्या खेपेला कंडक्टरनं विचारलं, "मासळी हाय का बाई?" मी खरं ते सांगितलं. शिरूरपर्यंत माझ्या शेजारी कुणी बसलं नाही. पुढच्या खेपेला मी मासळी म्हणाले. तेव्हाही कुणी बसलं नाही. मग मी जागेचा फायदा घेऊन पाय पसरून जायला लागले.

या सावकाश पेशंटांतल्या एक कलाबाई. हे खरं नाव नाही; पेशंटांची आणि त्यांच्या घरच्यांची इथली सगळीच नावं बदललेली आहेत. तालुकाही बदलणार होते, पण शेवगावकडचं एक गाव एवढं लिहिलं तरी चालेल असं त्याच म्हणाल्या. तुमच्याबद्दल लिहू का, असं विचारायला मी यंदा मुद्दाम त्यांच्याकडे गेले होते. त्यांनी एकच अट घातली. "लिवा की. पर मला देखनी लिवा." तर, कलाबाई देखण्या आहेत. शिवाय हाडापेरानं मजबूत, आणि आवाज असा की उसाच्या फडात या टोकाची हाक त्या टोकाला जावी.

मुलीच्या ऑपरेशनला रक्त द्यायला आल्या आणि तपासणीत त्यांची लागण कळली. नवरा टेम्पोवर ड्रायव्हर होता, तो त्याआधीच टेम्पो उलटून गेला होता. त्याचं रक्त कधी तपासलं गेलं नव्हतं. घरच्यांनी आपला निष्कर्ष काढला: बाहेर फिरणारा माणूस, त्यानंच आणलं, आणि या बिचारीला दिलं. त्यामुळे सासरी त्यांना कुणी हाकललं नाही, ताटवाटी वेगळी केली नाही. त्या वर्षांत मी ज्या घरांमधून हिंडले त्यांत असं घर विरळाच. धाकटे दीर रावसाहेब दर खेपेला वहिनींना स्वतः घेऊन यायचे आणि प्रयोगशाळेबाहेरच्या बाकावर टोपी गुडघ्यावर ठेवून बसून राहायचे. बोलायचे फार कमी. चहा घेता का विचारलं तर "झालाय" म्हणायचे, झालेला नसला तरी.

कलाबाईंचं मात्र तोंड चालू. "सिस्टर, तुमचं मशीन बिगाडलंय. मला काय बी झालेलं न्हाई."

"मशीन ठीक आहे. तुमचं नशीब ठीक आहे."

"मंग नशिबाचं रगात काढा, माझं कशाला काढताय?"

दुसरे जालिंदर. लिहायला यांचीही हरकत नाही. मूळचे पाथर्डीकडचे, सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यावर वॉचमन. तरुणपणी मुंबईत हमाली केलेली. बायको बाळंतपणात गेली, पुन्हा लग्न केलं नाही. कारखान्यातल्या रक्तदान शिबिरानंतर ते आमच्याकडे आले होते. गळ्यात शिट्टी घालूनच रक्त द्यायला यायचे, कारण रातपाळी संपवून परस्पर इथं यायचं असे. आमच्याच समाजाचे, म्हणून दारातूनच दणदणीत जयभीम घालायचे आणि हात पुढे करायचे. "घ्या ताई, ताजं हाय. रातपाळीचं." मला सिस्टर न म्हणणारा हा एकच पेशंट.

दोघंही मंगळवारी यायचे, कारण माझा पुण्याचा दिवस मंगळवार. त्यांना एकमेकांशी बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं. बाकाच्या एका टोकाला कलाबाई आणि रावसाहेब, दुसऱ्या टोकाला जालिंदर भिंतीवरचं कॅलेंडर वाचत. हा माणूस दर खेपेला तेच कॅलेंडर इतकं मन लावून का वाचतो, असं एकदोनदा मनात आलं होतं, एवढंच.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची गोष्ट असेल. पुण्याहून सरदेशपांडे मॅडमचा फोन आला. या तिथल्या शास्त्रज्ञ, वयानं माझ्याएवढ्या, बोलणं तुटक. मला त्या आवडायच्या. माझ्या हातचा डबा घेताना आधी 'बसा' म्हणायच्या आणि मग बर्फ तपासायच्या.

"साळवेबाई, तुमचे दोन नमुने एकाच माणसाचे आहेत."

"शक्य नाही."

"आम्ही जेवढा तुकडा वाचलाय तेवढा अक्षरशः एक आहे. दोन अनोळखी माणसांत असं होत नाही. रक्त काढताना अदलाबदल झाली असणार."

"मॅडम, माझ्याकडे होत नाही."

"प्रत्येक प्रयोगशाळा हेच म्हणते. आमचीसुद्धा. आमच्या बाजूनं आम्ही बघितलं. तुम्ही तुमच्या बाजूनं बघा. तोवर नगरचे नमुने घेता येणार नाहीत."

त्यांच्या जागी मी असते तर हेच म्हटलं असतं. या धंद्यात चमत्कारिक निकाल आला की आधी हात बघायचे, मग निकाल. पण नमुने बंद म्हणजे आमच्या पेशंटांच्या राखणदार पेशींची पुण्यातली फुकट मोजणीही बंद, कारण नगरला तेव्हा ती सोय नव्हती. शिवाय दवाखान्यात बातमी दुपारपर्यंत सगळीकडे झाली. "साळवेबाईंनी बल्ब बदलले म्हणे," असं स्वयंपाकघरातसुद्धा बोललं गेलं. मला फार राग आला. राग आला की मी प्रयोगशाळेतली काचेची भांडी धुते. त्या दिवशी आमच्याकडची काच झळकत होती.

माझी पद्धत सगळ्यांना माहीत होती आणि तिला सगळे हसायचे. खोलीत एका वेळी एकच माणूस, टेबलावर एकच बल्ब. रक्त काढलं की त्याच्या डोळ्यांदेखत पट्टी चिकटवायची, नंबर लिहायचा, मोठ्यानं वाचायचा, बल्ब रॅकमध्ये ठेवायचा, आणि मगच पुढच्याला हाक. बाहेर कितीही ओरडा झाला तरी मी ही पद्धत कधी मोडली नाही. तरीही मॅडमनी सांगितलेल्या दोन नंबरांचं, म्हणजे कलाबाई आणि जालिंदर यांचं, आमच्याकडे राहिलेलं रक्त काढून मी त्याचे गट पुन्हा तपासले. कलाबाईंचा ओ, जालिंदरचा बी. आधी नोंदवलेले तेच. पुण्याला गेलेल्या बल्बांतलं उरलेलं रक्त पुण्यानं रीतीप्रमाणे टाकून दिलं होतं, त्यामुळे मॅडमला दाखवायला हा पुरावा अर्धाच होता. माझी मात्र खात्री झाली. माणसं दोन आहेत, रक्तं दोन आहेत. मग विषाणू एक आहे, याचा अर्थ एकच उरतो.

कलाबाई पुढच्या खेपेला आल्या तेव्हा मी रावसाहेबांना केसपेपरच्या खिडकीवर पाठवलं आणि दार लावून घेतलं.

"कलाबाई, जालिंदर कोण?"

"कोन जालिंदर?"

"शिट्टीवाला."

त्यांनी वर केलेली बाही खाली ओढली. मग म्हणाल्या, "फुंकाया येती व्हय त्याला? आमाला तर कधी फुंकून दावली न्हाई."

पुढचं त्यांनी न अडखळता सांगितलं. बाहेरच्यांना ते समजायला एक गोष्ट माहीत हवी. ऊसतोडीला माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. एकानं ऊस तोडायचा, दुसऱ्यानं मोळ्या बांधायच्या. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि टोळी जमवणारा मुकादम अर्धा कोयता घ्यायला नाखूश असतो. नवरा गेल्यावर कलाबाई अर्ध्या झाल्या. पोटाला तर हवं होतं. मुकादमानं बायको गेलेला एक गडी शोधला आणि दोन अर्ध्यांचा एक पुरा करून सोनईच्या बाजूला फडावर नेला. साखर कारखान्याला काय, कोयता भरला म्हणजे झालं.

"कोपी येकच मिळती, सिस्टर. दोन अर्ध्यांना दोन कोप्या कोन देतंय?" कोपी म्हणजे फडावरचं पाचटाचं खोपट. "पैल्या हंगामाला त्यो भाईरच निजायचा. थंडी लई पडली, मंग मीच म्हनलं, आत ये."

"किती हंगाम गेलात?"

"पोरगी आजारी पडस्तवर. चांगला मानूस हाय. मोळी माझ्या डोक्यावर कधी दिली न्हाई, आपुनच वाहिली."

"लग्न का नाही केलंत?"

"त्याची जात कंची, माझी कंची? आन पोरगी ल्हान. तिला कुटं टाकू?" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "सिस्टर, त्या घरात मला भाकर मिळती ती त्येंच्या लेकाच्या पापाची म्हनून मिळती. पाप माझं निगालं तर भाकर कशाची? आन आता पोरीचं जुळतंय. बोलनी झाल्यात. पावनं आदीच इचारत्यात, पोरीच्या आईला काय हाय म्हनून."

"कुणाकडून कुणाला गेलं?"

"नवऱ्यानं मला दिलं का, मी ह्याला दिलं का, का ह्यानं मला? आमी कधी हिशेब घातला न्हाई. तुमी बी घालू नका."

बाहेर रावसाहेबांच्या वहाणा वाजल्या. कलाबाईंनी बाही पुन्हा वर केली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "काढा लवकर, सिस्टर, यस्टी जाईल."

म्हणजे माझी अडचण अशी होती. मी बल्ब बदलले नाहीत, हे सिद्ध करायचा सोपा मार्ग माझ्या हातात होता आणि तो मला वापरायचा नव्हता. मॅडमला सगळं सांगितलं असतं तर त्यांनी ते गुप्त ठेवलंच असतं. पण गुप्त गोष्टी फायलीत जातात, फायली टेबलावर राहतात, आणि नगर-पुणे रस्त्यावर एसटी रोज धावते. मी दुसऱ्याच दिवशी मॅडमला फोन लावला. म्हणाले, "माणसं दोन आहेत. तुम्ही स्वतः या, स्वतः रक्त काढा, स्वतः घेऊन जा. मी बल्बला हात लावणार नाही. दोघांना वेगवेगळ्या दिवशी बोलावते."

मॅडम आल्या. जालिंदरला मी शुक्रवार दिला. ते पार पडलं. कलाबाईंच्या दिवशी मात्र रावसाहेब नेमके आत येऊन उभे राहिले, पुण्याची डॉक्टरीण बघायला. टोपी हातात घेऊन त्यांनी अदबीनं विचारलं, "मॅडम, येवढं रगातात काय वाचता तुमी?"

इतका सरळ प्रश्न कुणी विचारला की शास्त्रज्ञ माणूस खूश होतो. मॅडमनी चार अक्षरांपासून सगळं समजावलं. आणि शेवटी म्हणाल्या, "यावरून कुणाचा विषाणू कुणाच्या विषाणूच्या जवळचा आहे, तेही कळतं. एक प्रकारे कुठून आला त्याचा माग लागतो."

रावसाहेब "अस्सं" म्हणाले. कलाबाईंनी उघड्या दारातून बाहेरचं जालिंदरचं कॅलेंडर वाचायला घेतलं. मी कापसाचा डबा उघडला, बंद केला.

काही आठवड्यांनी मॅडमनी मला पुण्याला बोलावलं. टेबलावर दोन लांबलचक कागद शेजारी शेजारी पसरले होते. अक्षरंच अक्षरं, वाचून डोळे फिरतील अशी. या वेळी त्यांनी आधीपेक्षा पुष्कळ मोठा भाग वाचला होता.

"हे बघा," त्या म्हणाल्या. "इथं अक्षरांचा एक अख्खा तुकडा नाही. दोघांतही नाही, आणि त्याच जागी नाही. विषाणूला जोर देणारा भाग आहे हा. तो गळालाय, म्हणून हा विषाणू आहे पण पांगळा आहे. तुमची दोन्ही माणसं ठणठणीत आहेत ती त्यामुळे."

"मग माझी अदलाबदल?"

त्यांनी पेन्सिलीनं जागोजागी खुणा केल्या होत्या. "एकच रक्त दोन बल्बांत गेलं असतं तर दोन्ही कागद तंतोतंत जुळले असते. हे जुळतात, पण मधूनमधून एकेक अक्षर वेगळं आहे. एकाच बियाण्याचं दोन शेतांत वेगवेगळं पीक घेत गेलं की होतं तसं. दोन शरीरांत काही वर्षं वेगळे राहिलेत हे विषाणू. पहिल्या वेळी आम्ही फार थोडं वाचलं होतं, म्हणून एक वाटले. तुमच्याकडे चूक झालेली नाही. मी तसं तुमच्या दवाखान्याला लेखी कळवलंय." मग पेन्सिल खाली ठेवून म्हणाल्या, "पण मग या दोघांचा संबंध आहे."

"आहे."

"काय?"

"मॅडम, मला ते सांगायचं नाही."

त्यांनी दोन्ही कागद गुंडाळायला घेतले. मला वाटलं, रागावल्या. "मला लेखात काहीतरी लिहावं लागेल."

"दोघांची ओळख आहे, एवढं लिहून भागेल?"

"भागेल," त्या म्हणाल्या. "विषाणूला नातं लागत नाही." मग शिपायाला दोन चहा सांगितले. तोवर तिथं मला कधी चहा मिळाला नव्हता. पुढं त्यांचा लेख छापून आला, त्यात आमच्या दवाखान्याचं नाव नव्हतं, माझं तर नव्हतंच. दोन नंबर शेजारी शेजारी होते. ते नंबर माझ्या हातचे आहेत, आणि ते बरोबर आहेत. मला त्याचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

कलाबाईंना मी पांगळ्या विषाणूचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हंजी लंगडं जनावर गोठ्यात आलं. ऱ्हाऊ द्या मंग, जातंय कुटं."

एक खंत मात्र आहे. आमच्या बाकीच्या सावकाश पेशंटांत असा तुकडा कुणाचाच गळालेला नव्हता. विषाणू धडधाकट होता, ती माणसंच काही काळ टिकून होती. त्यांतली काही पुढं आजारी पडली आणि औषधं सरकारी दवाखान्यात मिळायला लागायच्या आधी गेली. त्यांचंही रक्त मी त्याच डब्यातून नेलं होतं. त्यांना त्यातून काही मिळालं नाही.

आता रावसाहेब. नमुने पुन्हा सुरू झाले त्याच सुमाराला ते एका सकाळी एकटेच आले. वार मंगळवार नव्हता. खोलीत कुणी नव्हतं. त्यांनी दार ओढून घेतलं, पण बसले नाहीत.

"सिस्टर, त्या मॅडम म्हनल्या हुत्या, कुटनं आलं त्याचा माग लागतो. लागला का?"

माझ्या हातात रिकामा बल्ब होता. तो मी रॅकमध्ये ठेवला. खोटं बोलायची मला सवय नाही. येत नाही असं नाही, पण नंतर लक्षात ठेवायचा त्रास होतो. मी म्हटलं, "रावसाहेब, माग लावायला सगळ्यांचं रक्त लागतं. तुमच्या भावाचं रक्त आता कुठून आणायचं?"

"म्हंजी त्याच्याकडनं आलं, असं कुनी लिवून देनार न्हाई?"

"नाही."

"आन त्याच्याकडनं आलं न्हाई, असं?"

मी त्यांच्याकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

"तेही नाही," मी म्हणाले. "भावाचं रक्त नसताना दोन्हीपैकी काहीच कुणी लिहून देऊ शकत नाही. पुण्याचं नाही, दिल्लीचं नाही."

"असा कागूदच निगत न्हाई."

"निघत नाही."

त्यांनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं. मग ते स्टुलावर बसले, माझ्यासमोर पहिल्यांदाच. "पोरीच्या सासरची मानसं येनार हायेत तुमच्याकडं इचारायला. त्यात एक जन कॉलेजात शिकलेला हाय, त्याला त्या अक्षरांचं ठावं हाय. त्याला बी असंच सांगा."

"दुसरं काही सांगण्यासारखं नाहीच."

"बरं." उठले, टोपी घातली, दाराशी गेले. दाराला हात लावून उभे राहिले. "सिस्टर, त्यो मुकादम आमच्याच गावचा हुता. मला काय बी ठावं न्हाई, असं न्हाई. पोरगी माझ्या भावाची हाय आन वयनी आमच्या घरची हाय. मला फकस्त कागदाची भीती हुती. मानसांचं तोंड धरता येतंय. कागदाचं न्हाई."

आणि जाताना म्हणाले, "वयनीला बोलू नका."

मी बोलले नाही. सासरकडचा तो शिकलेला मुलगा खरंच आला. त्याला मी तेच सांगितलं. त्यानं दोनतीन चांगले प्रश्न विचारले आणि समाधानानं गेला. आईची लागण मुलीला नाही, हे मुलीचं रक्त तपासून आधीच स्पष्ट झालं होतं. लग्न झालं. मला बोलावणं होतं. गेले होते, जेवण चांगलं होतं.

यंदा कलाबाईंकडे परवानगीसाठी गेले तेव्हा रावसाहेबही ओट्यावर होते. या गोष्टीत तुम्हीही येणार, असं मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "आता काय ऱ्हायलंय." मग मी कलाबाईंना आत नेऊन, ते त्या दिवशी काय बोलले होते ते सांगितलं. त्या भाकरी थापत होत्या. थापणं थांबलं नाही.

"मला ठावं हुतं, त्याला ठावं हाय म्हनून," त्या म्हणाल्या. "पर मला ठावं हाय, हे त्याला अजून ठावं न्हाई. तेवढं ऱ्हाऊ द्या." तेवढं मी राहू दिलं असतं, पण ते आता इथं छापलं जाणार, असं मी त्यांना म्हटलं. "त्यो कुटं वाचतोय," त्या म्हणाल्या.

एक सांगायचं राहिलं. मॅडमच्या तपासणीसाठी जालिंदरला मी शुक्रवार दिला होता, तो तसाच चालू राहिला होता. निकाल लागला, माझं नाव धुऊन निघालं, आता वेगवेगळे दिवस ठेवायचं कारण उरलं नव्हतं. मी जालिंदरला पुन्हा मंगळवार दिला.

त्या मंगळवारी रावसाहेबांनी वहिनींना नेहमीप्रमाणे दारापर्यंत आणलं. बाकाच्या दुसऱ्या टोकाला कॅलेंडर वाचत बसलेल्या माणसाकडे एकदा बघितलं. मग मला म्हणाले, "मला मार्केट यार्डात काम हाय, सिस्टर. दुपार व्हईल." गुडघ्यावर ठेवायची टोपी डोक्यावर चढवून ते गेले. त्यानंतर मंगळवार आला की त्यांना मार्केट यार्डात काम असायचंच. इतकं काम असणारा माणूस मी मार्केट यार्डातसुद्धा पाहिला नाही.

बाकावर त्या दोघांच्या मधे एका माणसाची जागा मोकळी असायची. तिथं कलाबाई भाकरीचं फडकं सोडायच्या. माझ्या खोलीबाहेर खायला बंदी होती, तशी पाटीच होती, आणि ती पाटी मीच लावलेली होती. मी आतून बघायचे, त्यांचं खाणं होऊ द्यायचे, आणि मग नेहमीसारखी हाक मारायचे, एका वेळी एकाला.